झेंडा मागूनही दिसतो

मागच्या अंकात घरचा झेंडा शिवण्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत चित्रं जोडलेली. मी झेंडे शिवते, चित्रकार नाही, तेव्हा उत्तरं सुई-दोऱ्याच्या बाजूनं येतील, हे आधीच सांगते.

ताई, आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, आजी भरतकाम करायची, वडील इंजिनचालक, आई शिक्षिका, बहीण पोहणारी. म्हणून घड्याळ, सुई, इंजिन, पुस्तक आणि लाट काढली, मध्ये मुळांसकट झाड, खाली आडनाव आणि साल. रंग सात झालेत. कुणालाच वगळायचं नाही. जास्त होतंय का?

होतंय. तुमचं चित्र छान आहे, पण ते भिंतीवर लावायचं. झेंडा कुणी हातात धरून वाचत नाही. एक करा. कागदावर 1.8 सेंटीमीटर उंच आणि 3 सेंटीमीटर लांब चौकट आखा, तिच्यात तुमचं सगळं चित्र बसवा आणि कागद हात लांब करून, साधारण 60 सेंटीमीटरवर धरा. 90 बाय 150 सेंटीमीटरचा झेंडा 30 मीटरवरून एवढाच दिसतो. तुमचं झाड मी असं धरून पाहिलं. फ्लॉवरचा गड्डा वाटला. सुई तर दिसलीच नाही.

आता अक्षरांचं. माझ्या स्वतःच्या पहिल्या झेंड्यावर मी आमचं आडनाव पांढऱ्या रेशमानं भरलं होतं, तीन आठवडे खपून. झेंडा चढवला आणि खाली जाऊन मान वर करून पाहते, तर वारा नेमका पलीकडून. सगळी अक्षरं उलटी. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, ही कुठली भाषा?" त्यात भरतकामाच्या वजनानं कापडाला मध्ये पोट सुटलेलं. वारा पडला की ओल्या टॉवेलसारखं लोंबायचं. झेंड्याला मागची बाजू असते आणि ती पुढच्याइतकीच दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर अक्षरं आहेत, पण ती दोन्हीकडून सरळ वाचता यावीत म्हणून दोन झेंडे पाठीला पाठ लावून शिवतात. पॅराग्वेच्या झेंड्याच्या दोन बाजूंवर तर चिन्हंच वेगवेगळी. देशांना परवडतं. आपण दुहेरी कापड घेतलं की वजन दुप्पट, आणि मग झेंडा उडायला वादळच लागतं.

राहिला "कुणालाच वगळायचं नाही" हा मुद्दा. माणसागणिक एक चित्र काढलं की झेंड्याची हजेरीवही होते. अमेरिकेनं हे करून पाहिलंय. 1795 मध्ये दोन राज्यं वाढली म्हणून तारे पंधरा केले आणि पट्टेही पंधरा. पुढं राज्यं वाढतच गेली, तेव्हा 1818 मध्ये कायदा करून पट्टे परत तेरावर आणले आणि वाढू दिले ते फक्त तारे. उद्या तुमची बहीण पोहणं सोडून वकील झाली तर लाट उसवणार का?

मी तुमच्या जागी असते तर घड्याळाचं दातेरी चाक उचललं असतं. इंजिनही चाकावरच चालतं, म्हणजे दोन माणसं एकात आली. खाली एक लाटेरी पट्टा. आजीची सुई प्रत्यक्ष शिवणकामात येईलच, चाकाची कड हातानं टाका घालून पक्की करा. आईचं पुस्तक मात्र गेलं, त्याला माझ्याकडे उपाय नाही. (पट्टा निळा का, असं कुणी विचारलं तर शाई म्हणून सांगा.)

मग ते शब्दांत लिहा: "पिवळ्या जमिनीवर काठीकडं काळं दातेरी चाक, खाली निळा लाटेरी पट्टा." चित्रापेक्षा मला हे वाक्य मोलाचं वाटतं. युरोपात ढालीवरच्या चिन्हांची परंपरा अशीच चालत आली. खरं चिन्ह म्हणजे शब्दांतलं वर्णन, त्यावरून प्रत्येक कारागीर आपापल्या हातानं चित्र काढतो, आणि वर्णन जुळलं की सगळीच चित्रं बरोबर. वर्णनाला तीन ओळी लागत असतील तर अजून गाळायचं बाकी आहे.

रंगांचा जुना नियमही तिथलाच. पिवळा आणि पांढरा एका गटात, तिथं त्यांना सोनं-चांदी म्हणतात. लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा दुसऱ्या गटात. एका गटातला रंग त्याच गटातल्या रंगावर ठेवायचा नाही. नियम मोडणारेही आहेत, जेरुसलेमच्या जुन्या राज्याच्या ढालीवर चांदीवर सोनेरी क्रॉस होता. पण तुमचा जांभळा निळ्यावर मला दिवसाउजेडीही सापडेना. दोन गडद रंग शेजारी हवेतच असतील तर मध्ये बोटभर पांढरी पट्टी घाला.

आमच्या घरात तिघी परिचारिका. पांढऱ्यावर लाल क्रॉस घेतला तर?

नका घेऊ. ते औषधपाण्याचं चिन्ह आहे असं सगळ्यांना वाटतं, पण ते मुळात रणांगणावरचं संरक्षणाचं चिन्ह आहे. 1864 च्या जिनिव्हा करारानं ते ठरलं, स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून. जखमींना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना मारू नका, एवढाच त्याचा अर्थ, आणि जो तो वापरू लागला तर तो अर्थ पातळ होतो, म्हणून खासगी वापराला मनाई आहे. राष्ट्रध्वजावर आपलं चिन्ह चिकटवण्याचाही विचार कुणी करू नये, तशीही दोन पत्रं आली आहेत.

दिवा घ्या. ज्योत एकच, ठसठशीत. थर्मामीटर सुचवणाऱ्या धाकटीला सांगा, लांबून ती नुसती काडी दिसेल.

आडनाव कळवलं की त्या आडनावाचं "मूळ कुलचिन्ह" छापून देतात. मागवावं का?

भिंतीवर शोभा म्हणून मागवा, मूळ म्हणून नको. इंग्लंडमध्ये असली चिन्हं आडनावाला मिळत नाहीत, माणसाला मिळतात आणि त्याच्या वंशजांकडे जातात. ती देणारी संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, 1484 पासूनची आहे. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी वेगळा अधिकारी आहे, लॉर्ड लायन, आणि नोंदवहीचा कायदा 1672 चा. पोलंडमध्ये याच्या उलट, वेगवेगळ्या आडनावांची अनेक घराणी एकच चिन्ह वापरत. तेव्हा आडनाव सारखं म्हणजे चिन्ह सारखं, हे गणित तिथंसुद्धा बसत नाही. स्वतःचंच करा. नावावरून कोटी सुचत असेल तर लाजू नका, राजघराण्यांनीही केली आहे: स्पेनमधल्या जुन्या राज्यांपैकी कॅस्टीलच्या ढालीवर किल्ला, लिऑनच्या ढालीवर सिंह. दोन्ही नावांचे उच्चार किल्ला आणि सिंह यांच्या स्पॅनिश शब्दांशीच जुळतात.

चिन्हाचा रबरी शिक्का करायचाय. शाई एकच, मग रंगांचं काय?

जपानी घराण्यांची चिन्हं पाहा, त्यांना मोन म्हणतात. बहुतेक वर्तुळात बसणारी आणि एकाच रंगात, सगळी मदार आकारावर. तोकुगावा घराण्याची तीन पानं एकदा पाहिली की डोळ्यांतून जात नाहीत. रंग दाखवायचेच असतील तर 17 व्या शतकापासूनची युरोपातली खूण वापरा: पिवळ्याला ठिपके, लालला उभ्या रेघा, निळ्याला आडव्या. शिक्का लहान असेल तर रेघा शाईनं बुजतात, म्हणून मी तरी नुसता आकारच ठेवीन.

आमचा झेंडा आधीच दुसऱ्या कुणाचा निघाला तर?

1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हैती आणि लिश्टेनश्टाइनला कळलं की दोघांचा झेंडा एकच आहे. पुढच्या वर्षी लिश्टेनश्टाइननं आपल्या झेंड्यावर मुकुट चढवला. इंडोनेशिया आणि मोनॅको मात्र अजून वर लाल, खाली पांढरा असेच नांदताहेत. कापड कापण्याआधी एकदा शोधून पाहा, एवढंच.

चिन्ह मध्यभागी नको, काठीकडं घ्या म्हणता, ते का?

कारण कापड आधी मोकळ्या टोकाला विरतं. दोऱ्या सुटल्या की तेवढं कापून नवी दुमड घालायची. दोनदा कापलं की मधलं चिन्ह मधलं राहत नाही. काठीकडं घेतलं तर वारा नसतानाही थोडंफार दिसतं. मोकळ्या कडेला चार टिपा मारा, एक पुरत नाही. आणि नेफा काठीपेक्षा दोन बोटं सैल ठेवा, धुवायला काढताना आठवण होईल.