मंगळवारची घंटा आणि पावतीपुस्तक

संपादकांनी गेल्या अंकात माझी ओळख 'ज्येष्ठ समाजसेविका' अशी छापली. दुरुस्ती करून घ्या. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली आणि कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी रोटरी क्लबची पाच वर्षं खजिनदार होते. बँकेत लोकांच्या पैशांवर डोळा ठेवायचा पगार मिळायचा, क्लबात तेच काम फुकट केलं. या वेळची वाचकांची पत्रं त्याच खात्यातली आहेत, तेव्हा थोडं सविस्तर बोलते.

आमच्या गल्लीतल्या हॉलसमोर दर मंगळवारी रोटरीवाल्यांच्या गाड्या लागतात. आत भाषण, मग जेवण. त्यांच्यातलेच एक जण शाळेच्या प्रकल्पासाठी माझ्याकडून पाच हजार रोख घेऊन गेले. पावती 'पाठवतो' म्हणाले, महिना झाला. ताई, माझ्या पैशांची बासुंदी तर झाली नाही ना?
— निवृत्त शिक्षक, तासगाव

गुरुजी, बासुंदी झाली नसावी. पण पावती आली नाही म्हणता, त्याची मला जेवणापेक्षा जास्त काळजी वाटते.

आधी जेवणाचं. क्लबचा पैसा दोन ठिकाणी ठेवायचा असतो, एक कारभाराचा आणि एक सेवाकार्याचा. रोटरीच्या नमुना नियमांतच तसं आहे. सभासदांची वर्गणी कारभारात जाते. हॉलचं भाडं, मंगळवारचं ताट, वक्त्याचा बुके, आणि दर जुलै-जानेवारीत अमेरिकेतल्या मुख्यालयाकडून माणशी येणारं डॉलरचं बिल, हे सगळं त्यातून भागवायचं. तुमचे पाच हजार दुसऱ्या खात्यात जायला हवेत. आमच्याकडे ते खातं क्लबच्या ट्रस्टचं होतं, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आणि दरवर्षी ऑडिट होणारं. मी दोन पासबुकांना दोन रंगांची कव्हरं घातली होती. लबाडी क्वचित होते हो, घाईत चूक मात्र हमखास होते.

आमच्याकडेही झाली होती. माझ्या पहिल्याच वर्षी एका सत्काराच्या शाली-श्रीफळांचं चार हजार दोनशेचं बिल ट्रस्टच्या चेकने गेलेलं मार्चअखेरीस सापडलं. मी कारभाराच्या खात्यातून ती रक्कम ट्रस्टला परत भरायला लावली. "एवढ्याशा रकमेसाठी, ताई?" म्हणून अध्यक्ष रुसले. तीन मंगळवार माझ्याशी बोलले नाहीत. आले मात्र तिन्ही मंगळवारी, कारण हजेरी लागते.

आता पावती. रोख दोन हजारांच्या वर दिलं की ज्याला आपण ८०-जी म्हणतो ती आयकराची सवलत त्या रकमेवर मिळत नाही. नव्या कररचनेत असाल तर ती तशीही मिळणार नाही. पण पावतीवर तुमचा हक्क सवलतीपुरता थोडाच आहे? येत्या मंगळवारी हॉलवर जा. अध्यक्षांना शोधू नका, खजिनदाराला शोधा. अध्यक्ष गोड बोलून चहा पाजतील, खजिनदाराला पुस्तक उघडावं लागेल. पावती ट्रस्टच्या नावाची आहे का, तिच्यावर नोंदणी क्रमांक आहे का आणि कोणत्या कामासाठी हे लिहिलंय का, एवढं तिथेच उभ्याने वाचा. पुढच्या वेळी चेक द्या.

पण त्या भाषण-जेवणाला फार हसू नका. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचे वकील, एक कोळशाचे व्यापारी, एक खाणींचे इंजिनिअर आणि एक शिंपीकामाचे व्यावसायिक असे चौघे जमले. पुढे पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसू लागले, आपल्याकडे भिशी घरोघर फिरते ना, तसं. या फिरण्यावरूनच 'रोटरी' हे नाव पडलं. दानधर्म नंतर आला. आधी फक्त नेमाने भेटणं होतं.

त्या भेटण्याचा उपयोग मला पोलिओच्या रविवारी कळला. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ हटवायचं काम अंगावर घेतलं, तेव्हा मी क्लबातही नव्हते. मी आले तेव्हा आमच्या वाट्याला एसटी स्टँडवरचा बूथ असायचा. लसीच्या बर्फाचा डबा, बाळांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण, आणि 'मागच्या वेळी पाजलाय की!' म्हणणाऱ्या आज्या. पहाटे डबा कोण आणणार, उन्हात दुपारी कोण बसणार, हे सगळं मंगळवारी ठरायचं. सगळ्यांच्या देखत 'मी बसतो' म्हटलेला माणूस रविवारी सहसा गैरहजर राहत नाही, कारण दोन दिवसांनी पुन्हा त्याच तोंडांसमोर यायचं असतं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. आमच्या क्लबच्या हिशेबवहीत या कामापोटी चहा-बिस्किटांखेरीज जवळपास काहीच खर्च नाही.

ओळखीचे डॉक्टर मला क्लबात या म्हणतात. मला इंग्रजी येत नाही, दुकान रात्री नऊला बंद होतं. आणि खर्च किती, हे विचारायला लाज वाटते. जावं का?
— किराणा दुकानदार, विटा

भाऊ, साखरेचा भाव विचारताना तुमचं गिऱ्हाईक लाजतं का? सरळ विचारा, आणि नुसती वर्गणी विचारू नका, वर्षाचा एकूण खर्च विचारा. पदग्रहण समारंभ, प्रांतपालांची (म्हणजे परिसरातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांची) भेट, बाहेरगावचं अधिवेशन, एकसारखे ब्लेझर, यांचे आकडे वर्गणीच्या आकड्यामागे लपलेले असतात. पुढे कुणीतरी 'पॉल हॅरिस फेलो व्हा' म्हणेल. हा देणगीदाराचा मान, त्यासाठी रोटरी फाउंडेशनला, म्हणजे रोटरीच्या देणगीनिधीला, हजार डॉलर जातात. ते ऐच्छिक असतं. त्याच फाउंडेशनला कॅन्सस सिटीच्या क्लबने दिलेली पहिली देणगी साडेसव्वीस डॉलरची होती, हे तुम्ही त्यांना सांगू शकता.

वेळेचं म्हणाल तर पूर्वीइतकं कडक राहिलेलं नाही. २०१६ पासून क्लबांना महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालतात. आमचा क्लब अजून दर मंगळवारी भरतो, तो सवयीने. काही क्लब सकाळी चहावर भेटतात. तुमच्या गावचा कधी भेटतो ते आधी बघा.

इंग्रजीची भीती सोडा. आमच्याकडे घंटा वाजते, राष्ट्रगीत होतं, मग सगळे चार प्रश्न म्हणतात: हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय देणारं आहे का, याने सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. आम्ही ते मराठीतच म्हणतो. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये हे प्रश्न कुठल्या आश्रमात बसून लिहिलेले नाहीत. ते दिवाळं निघायच्या बेतात असलेली भांड्यांची कंपनी सावरत होते, तिच्या माणसांसाठी लिहिले. तुम्हाला ते डॉक्टरांपेक्षा लवकर कळतील.

एक आगाऊ सूचना. तुमच्या सौभाग्यवतींना तिथे 'ॲन' म्हणतील. मलाही म्हणायचे, माझे यजमान सभासद असताना. १९८९ पर्यंत आपल्याकडे बाईला रोटरीत सभासद होताच येत नव्हतं, तेव्हाची ती पद्धत. मी स्वतः सभासद झाले त्या वर्षी एका ज्येष्ठांनी विचारलं, "आता साहेबांना काय म्हणायचं?" मी म्हटलं, नावाने हाक मारा.

दोनदा पाहुणे म्हणून जा. जेवण कसं आहे ते बघू नका. गेल्या वर्षीच्या एखाद्या प्रकल्पाचं पुढे काय झालं, असं कुणी विचारतं का, ते ऐका. विचारत असतील तर नाव घाला.

लायन्स आणि रोटरी यांत फरक काय? दोघांचे फलक सारखेच दिसतात.
— कॉलेज विद्यार्थिनी, कराड

दोन्ही शिकागोचे. लायन्स १९१७ चं, विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्स यांनी उभं केलेलं. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं, म्हणून त्यांची डोळ्यांची शिबिरं जास्त दिसतात. गावात बघशील तर एका भावाचा क्लब हा आणि दुसऱ्याचा तो, एवढाच फरक पुष्कळदा असतो.

आमच्या जिल्हा परिषद शाळेला एक क्लब स्मार्ट टीव्ही देऊ करतोय. आम्हाला मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पाण्याची टाकी आणि नळजोडणी हवी आहे. देणाऱ्याला असं सांगणं बरं दिसतं का?
— मुख्याध्यापिका, शिराळा तालुका

बाई, सांगा. न सांगितल्याने काय होतं ते मी बघितलंय.

आम्ही एका शाळेला आरओचं पाणी-यंत्र दिलं होतं. फीत कापली, फोटो झाले, माझ्या ट्रस्टच्या खात्यातून रीतसर चेक गेला. सव्वा वर्षाने मी दुसऱ्याच कामाने त्या शाळेत गेले तर यंत्राला कुलूप. वर आमच्या नावाची पाटी मात्र लखलखीत, शिपाईमामा रोज पुसायचे. फिल्टर बदलायला पैसे नव्हते आणि विजेचं बिल थकल्याने मीटर कापलेलं. मुलं पूर्वीसारखी हापशाचं पाणी पीत होती. कुणाचीही लबाडी नव्हती. आमच्याकडे १ जुलैला अध्यक्ष बदलतो, आणि नव्या नवरदेवाला जुन्या वऱ्हाडाचा हिशेब नको असतो. जुन्या अध्यक्षांचा प्रकल्प त्या दिवशी पोरका होतो.

मी पुढच्या मंगळवारी ते सभेत सांगितलं. शांतता पसरली. मग एका इलेक्ट्रिकल दुकानवाल्याने फिल्टरचा खर्च विचारला, आणि पुढचे चार मंगळवार तोच प्रश्न विचारत राहिला. शेवटी ठराव झाला: कुठलीही वस्तू देताना तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम ट्रस्टमध्ये वेगळी ठेवायची, नाहीतर वस्तू द्यायची नाही. त्या वर्षी आमचे प्रकल्प अकरावरून सहावर आले. वार्षिक अहवाल बारीक दिसला म्हणून काहींना वाईट वाटलं.

तेव्हा पत्र लिहा, पण एकाच पानाचं. पटावर मुली किती, आत्ता पाणी कुठून येतं, टाकी किती लिटरची हवी, पंपाचं बिल कोण भरणार. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, गावातल्या दोन-तीन दुकानांची दरपत्रकं आणि कोरड्या नळाचा एक फोटो जोडा. 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी' हे वाक्य घालू नका, ते आम्ही न वाचताच पुढे सरकवायचो. परदेशी मदतीच्या मोठ्या ग्रँटचं कुणी बोललं तर त्या नादी लागू नका. तो प्रकल्प किमान तीस हजार डॉलरचा असावा लागतो, तुमची टाकी त्यात हरवून जाईल.

पत्र मे महिन्यात द्या, आणि चालू अध्यक्षांना नव्हे, जुलैत बसणाऱ्यांना. तेव्हा ते वर्षाची यादी करत असतात. मार्चमध्ये गेलात तर शिल्लक उरलेलं काहीतरी हातात पडेल, बहुधा टीव्हीच.

स्वच्छतागृहाचं काम फार साधं वाटतं म्हणून कुणी नाक मुरडलं, तर सांगा की शिकागोच्या पहिल्या रोटरी क्लबने १९०७ मध्ये हाती घेतलेलं पहिलं लोकोपयोगी काम सार्वजनिक स्वच्छतागृहाचं होतं. रोटरीवाल्याला हे ऐकवलं की तो वाद घालत नाही.

टाकीवर नाव घालायचं म्हणतील, घालू द्या. उद्घाटनाला मात्र फीत कापायच्या आधी पाहुण्यांना नळ सोडायला लावा.