आठ बाय पाचचे टेबल भिंतीला लावण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दहा बाय बारा फुटांची खोली, एका लांब भिंतीला दोन फूट खोल कपाट, समोरच्या भिंतीला चिकटवून आठ बाय पाच फुटांचे कायमचे टेबल, त्यावर सुमारे २८ मिलिमीटर उंच छोट्या शिपायांनी खेळायच्या नेपोलियनकालीन लढाया आणि अधूनमधून बोल्ट ॲक्शन (दुसऱ्या महायुद्धावरचा) किंवा वॉरहॅमर ४०,००० (दूरच्या भविष्यातला) हे टेबलावरचे युद्धखेळ. एवढे सगळे ठरवून झाल्यावर तुम्ही विचारले आहे ते इतकेच, की फळी प्लायवूडची घ्यावी की एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली. फळीबद्दल सांगतो, पण नंतर. कारण अकरा वर्षांपूर्वी मी याच मापाचे टेबल, जवळपास एवढ्याच खोलीत, असेच भिंतीला लावून करून घेतले होते, आणि त्या वेळी मीही लोकांना फक्त फळीबद्दलच विचारत होतो.

मी सुतार नाही, आणि माझी उंची साडेपाच फूट आहे. पुढची मापे वाचताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मी खोली मोजली होती, टेबल मोजले होते, दाराची रुंदीसुद्धा मोजली होती. मोजला नव्हता तो स्वतःचा हात. टेबलाच्या कडेला कंबर टेकवून पुढे वाकलो तर माझी बोटे अठ्ठावीस इंचांपर्यंत जातात, पण मधे सैन्य उभे असेल तर हात वरून उचलून न्यावा लागतो आणि कामाचे अंतर दोन फुटांवर येते. पाच फूट म्हणजे साठ इंच. पलीकडे भिंत. म्हणजे टेबलाचा अर्ध्याहून अधिक भाग असा होता की जो दिसत होता, रंगवलेला होता, झाडाझुडपांनी सजवलेला होता, आणि जिथे काही हलवता येत नव्हते.

पहिल्याच लढाईत हे कळले. भिंतीच्या बाजूला मी मोठ्या हौसेने चर्चसह एक गाव मांडले होते आणि माझ्या नेहमीच्या प्रतिस्पर्ध्याने आखूड बाजूने आत शिरून त्याच्यामागे हुसार घोडदळाची एक तुकडी ठेवली होती. तिसऱ्या फेरीत त्याला ती पुढे काढायची होती. आधी त्याने लांब पट्टीने ढकलून पाहिले, तेव्हा दोन घोडे आडवे झाले. मग तो स्टुलावर चढला, डावा तळवा नदीवर टेकवला आणि उजवा हात गावापर्यंत नेला. परत घेताना शर्टाची बाही माझ्या ग्रेनेडियर पायदळाच्या पहिल्या रांगेतून फिरली. सहा जण पडले, त्यांपैकी दोघांच्या संगिनी बंदुकीच्या तोंडाशी मोडल्या. ते दोघे आजही तसेच उभे आहेत. स्टुलावरून उतरताना तो म्हणाला, “तुझ्या सैन्याची ही बगल तू न लढताच जिंकलीस, माझा हात तिथे पोहोचत नाही.”

त्यानंतर कोणी काही न ठरवताच आम्ही दोघांनी मागचा भाग वापरणे सोडले. सगळ्या लढाया पुढच्या अडीच-तीन फुटांच्या पट्ट्यात होऊ लागल्या आणि मागे रिकामी खोकी, नियमपुस्तिका, चहाचे कप असा पसारा साचला. जागा पाच फुटांची अडली होती आणि खेळ तीन फुटांवर चालला होता.

दुसरा त्रास पाच फूट या आकड्यातच होता. फळीचा सर्वांत सहज मिळणारा ताव आठ बाय चार फुटांचा असतो. रुंदी पाच करायची म्हणजे दुसऱ्या तावातून एक फुटाची पट्टी कापून जोडावी लागते. माझा सांधा पहिले काही महिने दिसतसुद्धा नव्हता. नंतर हवेतल्या दमटपणाने एक बाजू किंचित वर आली, इतकीच की नखाला लागावी. पण फाशाला तेवढे पुरते. अटीतटीच्या वेळी फासा त्या कडेवर तिरका थांबायचा आणि तो पुन्हा टाकायचा की नाही यावर वाद व्हायचा. सांधा नेमका माझ्या पुढ्यात, कडेपासून एक फुटावर होता, म्हणजे जिथे सगळे फासे पडतात तिथेच.

आता ज्यांच्याकडून ते टेबल करून घेतले त्यांच्याबद्दल. नाव घेत नाही, घेऊन काही साधणारही नाही. कारागिरांनी काम चोख केले होते, तक्रार त्यांच्या कार्यालयाबद्दल आहे. दोन महिन्यांनी मी विचारायला गेलो की जोडपट्टी काढून टेबल चार फुटांचे करून मिळेल का, त्याचे वेगळे पैसे द्यायला मी तयार होतो. मला सांगण्यात आले की हे दुरुस्तीत बसत नाही, कारण टेबल मोडलेले नाही. आणि नव्या मागणीतही बसत नाही, कारण टेबल आधीच आहे. अर्ज लिहून द्यायला सांगितले. दिला. तीन आठवड्यांनी विचारले तर म्हणाले, अर्जाला रेखाचित्र जोडलेले नाही. रेखाचित्र त्यांच्याच दप्तरात होते. चौथ्या खेपेला कोणीतरी सहज बोलून गेले की खालची चौकट स्क्रूने नव्हे, सरसाने जोडलेली आहे, त्यामुळे ती उघडताच येणार नाही. हे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितले असते तर माझ्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या. टेबल करून घेणार असाल तर बाकी काही नाही विचारले तरी चालेल, पण चौकट कशाने जोडणार आणि वरची फळी सुटी निघेल का, हे आधी लिहून घ्या. खोली बदलली, खेळ बदलला किंवा घर बदलले तर फळी बाजूला काढता आली पाहिजे. माझे टेबल शेवटी करवतीने कापूनच त्या खोलीबाहेर गेले.

चार फूट रुंदीवर सगळे येऊन थांबतात याला माझ्या मते दोन साधी कारणे आहेत: ताव तेवढाच रुंद असतो आणि दोन माणसे समोरासमोर उभी राहिली की प्रत्येकाचा हात आपल्या बाजूच्या दोन फुटांना पुरतो. नियमही याच मापाभोवती बेतलेले असतात. बोल्ट ॲक्शनमध्ये रायफलचा पल्ला २४ इंच आहे आणि पायदळ साध्या चालीने ६ इंच, धावत १२ इंच जाते. चार फुटांच्या टेबलावर मधली रेषा दोन्ही कडांपासून बरोबर रायफलच्या पल्ल्यात येते. पाच फुटांवर हा हिशेब बिघडतो आणि पहिल्या एक-दोन फेऱ्या केवळ चालण्यात जातात. मोठे टेबल म्हणजे मोठी लढाई, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सैन्य तेवढेच राहिले आणि कंटाळा वाढला. नेपोलियनच्या काळातल्या रेजिमेंटांना लांबी हवी असते हे मान्य, तेव्हा लांबी वाढवावी, सहाची आठ करावी. रुंदीला हात लावू नये.

वॉरहॅमरचे म्हणाल तर २०२० मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून दोन्ही बाजूंना २,००० गुणांचे सैन्य असलेल्या लढाईसाठी ४४ बाय ६० इंच हे माप चालत आले आहे. सहा बाय चारच्या टेबलावर ते मांडले तर आखूड बाजूंना सहा-सहा इंच आणि लांब बाजूंना दोन-दोन इंच उरतात. ही उरलेली जागा वाया गेली असे समजू नका. फासे, मोजपट्टी, मेलेले सैनिक आणि अजून रणात न उतरलेल्या तुकड्या कुठेतरी ठेवाव्याच लागतात, आणि त्यासाठी आखूड बाजूची सहा इंचांची पट्टी सोन्यासारखी असते. मोजक्याच सैनिकांच्या खेळांपैकी किल टीमला तर २२ बाय ३० इंच पुरतात आणि इन्फिनिटीला चार बाय चार फूट. या दोन्ही खेळांना तुमची खोली आत्ता आहे तशी पुरेशी आहे. खेळाला खोली शोधण्यापेक्षा खोलीला खेळ शोधावा, हे माझे मत अनेकांना रुचत नाही, पण मी ते बदललेले नाही.

उंचीबद्दल थोडक्यात. जेवणाचे टेबल साधारण पंचाहत्तर सेंटिमीटर उंच असते. बसून खेळायला ते ठीक, पण उभ्याने तीन तास वाकून राहिले की पाठ धरते. उभ्याने खेळणार असाल तर नव्वद सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. शिपायाच्या नजरेने कोण दिसते हे पाहायलाही कमी वाकावे लागते. तुमच्यापैकी कोणी चाकांच्या खुर्चीवर असेल किंवा फार वेळ उभे राहू शकत नसेल तर हा सल्ला सोडून द्या, बसण्याची उंची ठेवा, खाली गुडघ्यांना मोकळी जागा ठेवा आणि रुंदी चार फुटांहूनही कमी करा, कारण बसल्यावर हात आणखी कमी पोहोचतो.

आता फळी. अठरा मिलिमीटर एमडीएफचा आठ बाय चारचा ताव चाळीस किलोच्या आसपास भरतो. तेवढाच प्लायवूडचा ताव बराच हलका असतो. एमडीएफ सपाट असते आणि स्वच्छ कापली जाते, पण कडेने पाणी पिते आणि फुगते, म्हणून कडा रंगाने किंवा पट्टीने बंद कराव्या लागतात. फळी कायम चौकटीवर राहणार असेल तर एमडीएफ चालेल. काढघाल करायची असेल तर प्लायवूड, आणि तीही एकसंध नको: आठ बाय चारच्या तावातून तीन बाय चारचे दोन तुकडे कापा, म्हणजे सहा बाय चारचे टेबल होते आणि दोन बाय चारचा तुकडा उरतो. उरलेल्या तुकड्यावर १५ मिलिमीटरच्या शिपायांचा डीबीए हा प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचा खेळ दोन बाय दोन फुटांत सहज होतो; त्यात एका बाजूला बाराच तुकड्या असतात. दोन तुकड्यांचे टेबल म्हटल्यावर सांधा आलाच, पण त्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीची निओप्रीनची, म्हणजे मऊ रबरासारखी मॅट पसरली की तो जाणवत नाही. कापडी मॅटखाली मात्र जाणवतो. नऊ मिलिमीटरच्या फळीचा मोह टाळा, मधे आधार नसेल तर तिला वर्षभरात बाक येतो. आणि फळी नुसती जेवणाच्या टेबलावर ठेवून चारी बाजूंनी बाहेर काढू नका. कोपऱ्यावर कोणी कोपर टेकले की समोरचा कोपरा वर उचलला जातो. हा प्रयोग माझ्या ओळखीत दोघांनी केला आहे आणि दोघांनाही त्यानंतर पुष्कळ सरस लागला.

खाली खण करून घ्यावेत का, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. करावेत. १८१२ मध्ये गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ याने प्रशियाच्या राजाला युद्धखेळाचे जे टेबल सादर केले, त्यात चौकोनी तुकडे जुळवून भूप्रदेश रचायचा आणि सामान टेबलाच्याच खणांत ठेवायचे अशी सोय होती. पण त्याच्या मुलाने १८२४ मध्ये ते अवजड प्रकरण सोडून १:८००० प्रमाणाचे नकाशे वापरले आणि हा खेळ सैन्यात पसरला तो त्यामुळे. मुलगा अधिक व्यवहारी होता, असे मला माझे टेबल कापताना वाटले होते.

दिव्याचे एक सांगून ठेवतो. खोलीत मधोमध एकच दिवा असेल आणि तुम्ही त्याच्याखाली वाकलात तर तुमच्याच डोक्याची सावली सैन्यावर पडते. टेबलाच्या दोन्ही लांब कडांच्या वर एकेक दिवा लावा. खिडकीचे ऊन थेट टेबलावर येत असेल तर पडदा लावा. उन्हात रेझिनचे भाले हळूहळू वाकतात आणि ते गरम पाण्यात बुडवून सरळ करत बसावे लागते.

तुमच्या खोलीचा हिशेब मी असा मांडतो. कपाट वजा जाता रुंदी उरते आठ फूट. त्यात सहा बाय चारचे टेबल भिंतीपासून सोडवून मधे ठेवले तर दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन फूट राहतात आणि आखूड बाजूंना तीन-तीन. दोन फुटांत माणूस उभा राहून खेळू शकतो. त्याच्या मागून दुसऱ्याला जायचे असेल तर अंग चोरावे लागते, पण दोघांच्या खेळात तशी वेळ क्वचित येते. लांबी आठ केली तर आखूड बाजूंनाही दोन-दोनच फूट उरतील, आणि मग खोलीचे दार त्या बाजूला आत उघडत असेल तर ते टेबलाला आपटेल. काही मागवण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने टेबलाचे माप आखा आणि दोन दिवस त्या आखणीत पाय न टाकता खोलीत वावरून पाहा.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेली नाही: कपाटाचे दार सरकते आहे की बाहेर उघडते? सरकते असेल तर वरचा हिशेब बसतो. बाहेर उघडणारे असेल आणि झडप दीड-दोन फुटांची असेल तर त्या बाजूची सगळी वाट अडेल, आणि मग टेबलाच्या पायांना ब्रेक असलेली चाके लावून ते हवे तेव्हा भिंतीकडे सरकवावे लागेल. ते कळवा, म्हणजे चौकट कशी करावी हे नेमके सांगता येईल.