करमत नाही

"मॅडम, मला इथं करमंना. परत जाऊ का?"

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार. प्रथम वर्ष अभियांत्रिकीची ती मुलगी दारात उभी राहूनच हे बोलली आणि मग दप्तर मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसली. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातली. तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. पुण्यात महाविद्यालयातली समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी दरवर्षी ऐकते. मुलं विचारतात, त्यांचे आईवडीलही फोन करून विचारतात.

नोंदवहीत आम्ही याला 'समायोजनातील अडचण' असं लिहितो. मला तिचा शब्द जास्त खरा वाटतो. सुट्टीत मामाकडे आलेली भाची तिसऱ्या दिवशी "करमत नाही" म्हणाली, तर घरात कुणी घाबरत नाही. तिला काय हवंय ते बघतात.

आधी झोप आणि जेवण विचारलं. झोप तुटक, सकाळचा नाश्ता बंद, संध्याकाळी सहानंतर रडू. मग थेट विचारलं, "जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" हे विचारायला पालक कचरतात, पण विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. ती "नाही" म्हणाली, आणि ते नाही स्वच्छ होतं. तरी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या वहीत लिहून दिला. २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, रात्री दोनलाही लागते आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोनला माझी खोली बंद असते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा. "घे," मी म्हटलं.

"हाव, जेवले. हाव, मस्त आहे सगळं. पोरी लई चांगल्यात."

फोन ठेवला आणि ती माझ्याकडे बघेना. त्या दिवशी ती जेवलेली नव्हती. आईचा फोन दिवसातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा "मस्त आहे सगळं". म्हणजे आठवड्याला चौदा वेळा. आईचा तो फोन आला नसता, तर तिच्या दुखण्याची ही बाजू मला समजायला आणखी दोन भेटी लागल्या असत्या.

खरं का सांगत नाहीस, यावर तिचं उत्तर लांबलचक होतं. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं. त्या बळावर तिच्या वडिलांनी, अण्णांनी, तिला पाठवलं. फी नसली तरी खोलीचं भाडं आणि मेस खिशातूनच जाते. अण्णांनी गावात पेढे वाटले होते. मागे नववीतली बहीण. "मी परत गेले तर तिला कोण पाठवंल?" हे ओझं घेऊन अठरा वर्षांची पोर रोज रात्री "मस्त आहे" म्हणत होती.

मग वर्गातलं विचारलं. वर्गात ती बोलत नव्हती. पहिल्या आठवड्यात "मी जेवायले" म्हणाली, तर खोलीतल्या दोघी हसल्या. नंतर त्या दोघी तिला तसंच बोलून दाखवायला लागल्या. तेव्हापासून ती एकेक शब्द तपासून बोलायची, आणि तपासण्यापेक्षा गप्प राहणं सोपं. माझ्याशीसुद्धा ती पुस्तकातल्यासारखं बोलायला धडपडत होती. आईशी बोलताना मात्र तिचा आवाज मोकळा झाला होता.

इथं मला राग आला, तो मी लपवला नाही. बोलीवरून, गावावरून कुणाला हिणवणं, वेगळं पाडणं हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनं स्पष्टपणे आलेलं आहे. हे तिला सांगितलं, तक्रार करायची असेल तर मी सोबत येईन असंही सांगितलं. तिला तक्रार नको होती, खोली बदलून हवी होती. वॉर्डनशी बोलून ते दहा दिवसांत झालं.

"पण मॅडम, सगळ्यांना जमतंय, मलाच नाही. ग्राफिक्सला तर काहीच समजंना."

हे वाक्य मी खोडून काढायच्या भानगडीत पडले नाही. आधीच्या वर्षांत तसं करून पाहिलं होतं. "अगं, सगळ्यांनाच असं वाटतं" म्हणायचं, एखाद्या क्लबात नाव घालायला सांगायचं. मुलं मान डोलावतात आणि पुन्हा येत नाहीत. या वेळी कोरा कागद घेतला. वर्ग कधी सुरू झाले? तारीख लिहिली. तू कधी आलीस? तिचा प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत झालेला. ती तारीखही लिहिली. मधले दिवस तिनेच मोजले. तेवीस. त्या तेवीस दिवसांत ग्राफिक्सचे, म्हणजे अभियांत्रिकी रेखाटनाचे, पहिले दोन घटक शिकवून झाले होते, प्रात्यक्षिकाच्या तुकड्या पडल्या होत्या, डबे वाटून खाणारे गट जमले होते. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे मी ढ नाही," ती हळूच म्हणाली.

ग्राफिक्सच्या सरांना मी चिठ्ठी दिली. बुडालेले दोन घटक त्यांनी चार शनिवार बसून शिकवले. उशिरा आलेली आणखी पाच मुलं त्या शनिवारी येऊन बसली.

खर्चाच्या काळजीसाठी तिला विद्यार्थी विभागात पाठवलं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. तिला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

राहता राहिला फोन. त्यासाठी आम्ही दोन वाक्यं ठरवली, खोलीत चार-पाचदा म्हणून पाहिली: "अण्णा, मला इथं करमत नाही. पण मी एवढ्यात परत येणार नाही." दुसरं वाक्य महत्त्वाचं, कारण पहिल्यावर थांबलं की बाप गाडीत बसतो. तिनं ते रविवारी सांगितलं. अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. तू एवढं मस्त मस्त कधी म्हणत नाहीस."

परत जायचं की नाही, हा निर्णय आम्ही पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतरवर ढकलला. दसऱ्याला घरी जायचं मात्र नक्की, तिकीट आधीच काढून ठेवायचं. दर शनिवारी घर गाठणाऱ्या मुलांचं इथं काहीच रुजत नाही, आणि सहा महिने घराचं तोंडच न बघणारी मुलं कोमेजतात. परतीची तारीख भिंतीवर दिसली की मधले दिवस कापता येतात. परत जाणं चुकीचं असतं असं मी मानत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा घराजवळच्या महाविद्यालयात गेला आणि तिथं उत्तम शिकतोय. मला भीती असते ती रडण्याच्या रात्री, एकट्यानं घेतलेल्या निर्णयाची.

नव्या खोलीत धुळ्याची मुलगी होती, घरी अहिराणी बोलणारी. दोघींनी एकमेकींची बोली कान देऊन ऐकली म्हणे. मेसला सव्वाआठला एकाच टेबलावर बसायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

परीक्षेत तिला गणितात तीसपैकी एकोणीस मिळाले, ग्राफिक्समध्ये तेरा. ती थांबली. पुणं तिला अजून आवडत नाही, तसं ती स्पष्ट सांगते. रडू येतं, पण रोज नाही.

डिसेंबरमध्ये एकदा जिन्यावर ती फोनवर बोलत होती. मी वरून उतरत होते, तिनं मला पाहिलं नाही.

"न्हाई गं आई, आज नाही जेवले. भाजीत गूळ टाकायलेत हे लोक. आता खाली जाऊन भेळ खाते. तू ठेचा पाठव."