गाळ्याच्या डिपॉझिटआधी वीस ओळखी

प्रश्न: माझ्या मुलीने बारावीनंतर मेकअप आणि हेअरचा सहा महिन्यांचा कोर्स केला. आठ महिन्यांत चारच ऑर्डर मिळाल्या, त्याही नात्यातल्या. रोज इन्स्टाग्रामवर रील टाकते. तिला गाळा घेऊन पार्लर टाकून द्यावं, की मालिकांच्या कामासाठी मुंबईला पाठवावं?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, डिपॉझिटचे पैसे तूर्त बँकेतच राहू द्या. मुलीचा हात कसा आहे हे पत्रावरून सांगता येणार नाही, पण चारही ऑर्डर नात्यातल्या आहेत, म्हणजे नात्याबाहेर तिला कोणी ओळखत नाही. गाळा घेऊन ओळख होत नाही, भाडं मात्र सुरू होतं.

नवरीच्या मेकअपची बरीचशी कामं दुसऱ्या मेकअप आर्टिस्टकडून येतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतात आणि ठरावीक तारखांना गावातले सगळे हॉल एकदम भरतात. एका नवरीचा मेकअप, केस आणि साडी धरून अडीच-तीन तास जातात. नाव झालेली आर्टिस्ट त्या दिवशी एक, फार तर दोन नवऱ्या घेते. बाकीच्यांना नाही म्हणताना ती कुणाचं तरी नाव सुचवते. शिवाय करवल्या आणि वरमाईसाठी तिला हाताखाली मुलगी लागतेच.

म्हणून सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर इथल्या वीस जणींची यादी करा. चातुर्मासात त्यांना थोडी उसंत असते, तेव्हा मेसेज पाठवायचा. ‘काही काम असेल तर सांगा’ असा मोघम मेसेज वाचून सोडून दिला जातो. असा लिहा: ‘ताई, मी सांगलीची. खोपा, अंबाडा आणि नऊवारी नेसवणं जमतं. सहा फोटो सोबत पाठवतेय. या तीन तारखांना मोकळी आहे, असिस्टंट लागली तर कळवा.’ खाली तारखा हव्यातच. तारीख दिसली की समोरची आपली डायरी उघडते. फोटो खिडकीच्या उजेडातले, फिल्टर न लावलेले, आणि गोऱ्या-सावळ्या दोन्ही चेहऱ्यांचे असावेत. सहांत एक तरी केसांचा मागून घेतलेला हवा.

बोलावणं आलं की खरी परीक्षा. ब्रश आदल्या रात्री धुऊन वाळवलेले, लिपस्टिक स्पॅट्युलाने पॅलेटवर काढलेली, यू-पिना आणि साध्या पिना वेगळ्या डब्यांत. खोप्याच्या मुळाशी उलटा कंगवा फिरवून आधार केला नसेल, तर ओल्या गजऱ्याच्या वजनाने अक्षता पडेपर्यंत खोपा मागे कलतो. मुंडावळ्या बांधताना कपाळावरचं फाउंडेशन पुसलं जातं. तेवढी जागा टिपून पुन्हा पावडर लावावी लागते. मेकअप आटोपला म्हणून मुलीने निघू नये. मुंडावळ्या बांधून होईपर्यंत जी थांबते, तिलाच पुढच्या तारखेचा फोन येतो.

दोन चुका मात्र महागात पडतात. दुसरीच्या ऑर्डरवर गेल्यावर पाहुण्यांना स्वतःचा नंबर देणं, आणि तिच्याआधी नवरीचा फोटो टाकणं. नवरीच्या बहिणीने नंतर परस्पर फोन केला, तरी आधी त्या ताईंना कळवायचं. एखादी ऑर्डर बुडेल, पण नाव राहील. हे मी फार मनापासून सांगतेय, कारण गाव लहान आहे आणि या जणी रोज एकमेकींशी बोलतात.

मेकअपवाल्यांखेरीज सगळ्यात उपयोगाची ओळख म्हणजे लग्नाचे ब्लाऊज शिवणारी. नवरी तिच्याकडे महिना-दोन महिने आधी मापाला येते, तेव्हा पुष्कळदा मेकअप ठरलेला नसतो. मेंदीवाली येते तोवर नवरीचं बुकिंग झालेलं असतं. तिच्याकडून मावश्या, बहिणी मिळतात. कुणी नाव सुचवण्याबद्दल पैसे मागितले तर रक्कम ऑर्डर घेण्याआधीच बोलून घ्या.

फोटोग्राफरबरोबर बिनपैशाचं शूट जरूर करावं, पण आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं: एडिट केलेले फोटो किती, किती दिवसांत, कोण कुठे वापरणार. नाहीतर फोटो हाती येतच नाहीत. तिथेच फ्लॅश मारून एक फोटो बघावा. काही पावडरींनी फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा पडतो. हे हॉलवर कळलं तर फोटोग्राफर तिचं नाव पुन्हा घेणार नाही.

मुंबईचं म्हणाल, तर हिंदी सिनेसृष्टीत कित्येक वर्षं बायकांना हेअरड्रेसर होता यायचं, मेकअप आर्टिस्ट म्हणून संघटनेचं सभासद कार्ड मिळत नसे. महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याचीही अट होती. मेकअप आर्टिस्ट चारू खुराणा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2014 रोजी हे नियम रद्द केले. दार उघडं आहे. पण तिथेही मेकअप दादांच्या हाताखालूनच सुरुवात होते, आणि काम मिळेपर्यंत खोलीचं भाडं भरावं लागतं. आत्ता नको.

तिला एक वही घालून द्या: तारीख, काम, कुणाकडून आलं. दोन हंगामांनंतर ती उघडा. नात्याबाहेरच्या ऑर्डर वाढल्या असतील आणि ट्रायलला घरची जागा पुरत नसेल, तर खुशाल गाळा बघा.