नव्या सीमाशुल्क प्रणालीआधीची तयारी

प्रश्न : आमचा आयातीचा छोटा व्यवसाय आहे. सीमाशुल्काची घोषणापत्रे लवकरच नव्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीत भरावी लागणार आहेत. आमचे सर्व काम एजंट पाहतात. तरीही आम्ही काही तयारी करावी का?

उत्तर : अवश्य करावी. घोषणापत्र एजंटने भरले, तरी त्यातील माहिती आपल्याकडूनच जाते आणि ती चुकली तर सहसा आयातदारालाच उत्तर द्यावे लागते. खरे काम संगणकाचे नसून मालाच्या वर्णनाचे आहे. इन्व्हॉइसवर नुसते ‘सुटे भाग’ लिहिलेले असेल, तर ते कशाचे, कोणत्या धातूचे आणि कोणत्या यंत्रासाठी आहेत, हे पुरवठादाराकडून आताच लेखी मागवा, कारण त्यावरच एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, ठरतो. या कोडचे पहिले 6 अंक 1988 पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर समान आहेत. पुढचे अंक प्रत्येक देश ठरवतो. 2022 मध्ये या कोडच्या यादीत मोठे फेरबदल झाले, म्हणून जुन्या फाइलमधला कोड डोळे झाकून उतरवू नका. एककेही तपासा : इन्व्हॉइसवर खोकी आणि घोषणापत्रात किलोग्रॅम, हा घोळ नेहमीचाच. मालवाहतूक व विम्याची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. लॉगिन आणि डिजिटल स्वाक्षरीची मुदत पाहून ठेवा. चाचणीची सोय असल्यास पूर्वीचीच एखादी गुंतागुंतीची खेप त्यात भरून पाहा; सोपी खेप भरून काहीच कळत नाही.