बल कोणाचे, कोणावर?

प्रश्न : मी अकरावीला विज्ञान शाखेत शिकते. गुळगुळीत फरशीवर ६ किलो आणि ४ किलो वस्तुमानाचे दोन ठोकळे एकमेकांना टेकवून ठेवले आहेत आणि ६ किलोच्या ठोकळ्याला मागून २० न्यूटन बलाने ढकलले आहे. फ्री बॉडी डायग्राम (एकेका वस्तूवर बाहेरून लागणारी सर्व बले बाणांनी दाखवणारी आकृती) काढताना मी दोन्ही ठोकळ्यांवर २० न्यूटनचा बाण दाखवला, कारण पहिला ठोकळा हाताचे बल दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो असे मला वाटले. उत्तर मात्र चुकले. एकट्या वस्तूची आकृती मला जमते, दोन वस्तू आल्या की गोंधळ होतो. नेमके कुठे चुकते? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुमची आकृती खरी मानून हिशेब शेवटपर्यंत नेला, तर चूक आपोआप उघडी पडते. पहिल्या ठोकळ्याने दुसऱ्यावर २० न्यूटन बल लावले असेल, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दुसरा ठोकळाही पहिल्याला तितक्याच बलाने मागे ढकलणार. म्हणजे पहिल्यावर पुढे २०, मागे २०, बेरीज शून्य. ज्याला हात लावला तो ठोकळा जागच्या जागी, आणि ज्याला हात लागलाही नाही तो ५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने पसार!

बल हे बांधकामावर हातोहात पुढे दिले जाणारे घमेले नव्हे. हाताचे बल हाताला टेकलेल्या ठोकळ्यावरच संपते. दुसऱ्या ठोकळ्यावर जे बल लागते ते पहिल्या ठोकळ्याचे असते आणि त्याचे माप वेगळे शोधावे लागते.

त्यासाठी आधी दोन्ही ठोकळ्यांभोवती मिळून पेन्सिलीने एक तुटक रेघ काढा. रेघेच्या आत एकूण १० किलो वस्तुमान आहे आणि आडव्या दिशेत बाहेरून लागणारे बल एकट्या हाताचे, म्हणून त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. ठोकळे एकमेकांना ढकलतात ही रेघेच्या आतली बाब असल्यामुळे ती या आकृतीत येत नाही. आता रेघ पुसून फक्त ४ किलोच्या ठोकळ्याभोवती काढा. आडव्या दिशेत त्याला ढकलू शकेल असा स्पर्श मागच्या ठोकळ्याचाच आहे. तेव्हा २ चे त्वरण देणारे ८ न्यूटन बल तिथूनच आले पाहिजे. ६ किलोच्या ठोकळ्याच्या आकृतीत हेच ८ न्यूटन उलट दिशेने येतात. २० वजा ८ म्हणजे १२, आणि १२ भागिले ६ पुन्हा २, ताळा जुळला. हाच हात ४ किलोच्या बाजूने लावला, तर त्वरण तेवढेच राहते, पण मधले बल १२ न्यूटन होते, कारण आता त्या बलाला ६ किलो पुढे न्यायचे असतात.

प्रत्येक बाणाशेजारी नुसते एक अक्षर न लिहिता ‘हाताने पहिल्यावर’, ‘पहिल्याने दुसऱ्यावर’ असे लिहिण्याचा माझा आग्रह असतो. विद्यार्थी त्याला कंटाळतात, पण निम्म्या चुका तिथेच गळून पडतात. ‘कोणी?’ या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो बाण खोडावा. वस्तुमान गुणिले त्वरण हेच एक बल समजून काढलेला बाण या परीक्षेत हटकून नापास होतो.

एकावर एक ठेवलेल्या ठोकळ्यांच्या बाबतीत वरच्याचे वजन खालच्याच्या आकृतीत दाखवण्याची चूकही सर्रास होते. वजन म्हणजे पृथ्वीने वरच्या ठोकळ्याला ओढणे. खालच्याला तो दाबतो ते स्पर्शाचे बल निराळे. सारे स्थिर असताना दोन्हींचे माप सारखे येते, म्हणून चूक पचते. ३ किलोच्या ठोकळ्यावर २ किलोचा ठोकळा ठेवून ते लिफ्टमध्ये नेले आणि लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली, तर गुरुत्व त्वरण १० धरून मधले बल २० नव्हे, २४ न्यूटन येते आणि लिफ्टचा तळ खालच्या ठोकळ्याला ६० न्यूटनने वर रेटतो. वजनाचा बाण काढणाऱ्याला तिथे ५६ मिळतात.

प्रश्न : बैल गाडीला ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढत असेल, तर गाडी हलते कशी? वर्गातली मुले दरवर्षी हे विचारतात. – एक शिक्षक, परभणी

उत्तर : मुले चांगल्या संगतीत आहेत. १६८७ साली तिसरा नियम मांडताना न्यूटनने स्वतः दोरीने दगड ओढणाऱ्या घोड्याचे उदाहरण दिले होते आणि दगडही घोड्याला तितकेच मागे ओढतो असे म्हटले होते. ही दोन बले परस्परांना खोडू शकत नाहीत, कारण ती एका आकृतीत कधी येतच नाहीत. एक गाडीवर आहे, दुसरे बैलावर. गाडीच्या आकृतीत जू पुढे ओढते, रस्ता मागे धरतो, आणि पहिला बाण मोठा असेल तर थांबलेली गाडी निघते. बैलाच्या आकृतीत जू मागे ओढते, पण खुरांनी मागे रेटलेली जमीन त्याला पुढे ढकलते. पावसाळ्यात चिखलात खूर घसरतात तेव्हा जमिनीचा हा बाण आखूड होतो. मग गाडीवान खाली उतरून चाकाला हात घालतो आणि गाडीच्या आकृतीत आणखी एक बाण वाढतो.