लेटेकमध्ये वैज्ञानिक चिन्हलेखनासाठी मॅक्रो आणि शॉर्टकट वापरावेत का?

आपण विचारले आहे की लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिलेल्या प्रबंधात पानोपानी दहाचे घात, एकके आणि तळाशी अक्षरे लावलेली चिन्हे टाइप करून हात दुखू लागले आहेत, त्यासाठी मॅक्रो, म्हणजे लांब मजकुराच्या जागी स्वतः ठरवलेल्या छोट्या कमांड, करावेत असे वाटते, पण मार्गदर्शकांनी "मॅक्रो वापरू नका, सरळ लिहा" अशी ताकीद दिली आहे. तर काय करावे आणि सुरुवात कुठून करावी. माझे मत असे की मॅक्रो करण्यासाठी आपण दिलेले कारण चुकीचे आहे आणि मार्गदर्शकांचा सल्ला त्याहून चुकीचा आहे. हाच सल्ला मी एका ज्येष्ठ सहलेखकांकडून ऐकला होता आणि तो पाळल्याचा भुर्दंडही भरला आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

हात दुखत असतील तर मॅक्रो करू नयेत. टाइप करण्याचे श्रम वाचवणे हे ज्या एडिटरमध्ये आपण लिहिता त्याचे काम आहे. टेकस्टुडिओ, व्हीएस कोड, व्हिम यांपैकी काहीही वापरत असलात तरी त्यात अशी सोय करून घेता येते की दोन-तीन अक्षरे दाबताच पूर्ण कमांड उमटावी आणि कर्सर नेमका कंसात जाऊन थांबावा. फाईलमध्ये मात्र पूर्ण लिहिलेली, कोणालाही वाचता येणारी कमांडच राहते, त्यामुळे आपण ती कशी टाइप केली याच्याशी सहलेखकाला काही देणेघेणे उरत नाही. मॅक्रोचे तसे नसते. तो फाईलमध्ये राहतो, फाईल जाईल तिथे त्याची व्याख्याही बरोबर जावी लागते आणि वाचणाऱ्याला तो माहीत असावा लागतो. एवढा खर्च करायचा तर त्यात अशीच गोष्ट ठेवावी, जी उद्या बदलण्याची शक्यता आहे आणि बदललीच तर सगळीकडे एकसारखी बदलायला हवी.

रेडिओ खगोलशास्त्रातले उदाहरण देतो, कारण माझे काम त्यातले आहे. दुर्बिणीच्या सिस्टिम टेम्परेचरसाठी आम्ही कॅपिटल टी आणि त्याच्या तळाशी 'सिस' ही तीन अक्षरे लिहितो. ही अक्षरे सरळ ठशात यायला हवीत, कारण तिरप्या ठशात आली तर वाचणाऱ्याला तो एस, वाय आणि पुन्हा एस या तीन चलांचा गुणाकार वाटू शकतो. चल तिरपे आणि वर्णनात्मक तळाक्षरे सरळ, हा आंतरराष्ट्रीय संकेतच आहे. प्रबंधात हे चिन्ह कित्येकदा येते. दर वेळी सरळ ठसा देणारी मॅथआरएम कमांड लिहिण्याची आठवण ठेवण्यापेक्षा नवी कमांड तयार करणाऱ्या न्यूकमांडने 'टीसिस' नावाचा मॅक्रो एकदा केला की तो प्रश्न कायमचा मिटतो. विकलनातील डी अक्षराचेही तसेच आहे. आयएसओच्या ८०००० क्रमांकाच्या मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे तो सरळ हवा, पण भौतिकशास्त्राच्या कित्येक नियतकालिकांत तो तिरपाच छापतात. प्रबंध एका पद्धतीने आणि शोधनिबंध दुसऱ्या पद्धतीने द्यायचा असेल तर मॅक्रोची एक ओळ बदलून काम होते, आणि मॅक्रो नसेल तर शेकडो डी हाताने शोधत बसावे लागते.

आता त्या ज्येष्ठ सहलेखकांविषयी. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर घेतलेल्या निरीक्षणांवर आम्ही काही जण मिळून एक शोधनिबंध लिहीत होतो. माझी मॅक्रोंची फाईल छोटी होती आणि प्रत्येक नाव अर्थावरून दिलेले होते. आमच्यातल्या एका सहकाऱ्याकडे मात्र त्याच्या प्रयोगशाळेत गुरूकडून शिष्याकडे चालत आलेला प्रिअँबल (फाईलच्या सुरुवातीचा, व्याख्या आणि सेटिंगचा भाग) होता, ज्यात सगळे मॅक्रो एका-दोन अक्षरांचे होते आणि कोणता कोणी आणि कशासाठी केला हे सांगू शकेल असे कोणी उरलेले नव्हते. त्यात 'व्ही' या एका अक्षराच्या कमांडची रिन्यूकमांडने नवी व्याख्या केलेली होती: वेगाच्या सदिशासाठी ठळक ठशातला व्ही, आणि तो मजकुरातही चालावा म्हणून वर एन्शुअरमॅथ.

लेटेकमध्ये 'व्ही' ही कमांड आधीपासून आहे. काही युरोपीय भाषांत अक्षराच्या डोक्यावर जी उलटी टोपी असते, ती या कमांडने काढतात. आमच्या संदर्भसूचीत व्हीएलए-कॉसमॉस या ३ गिगाहर्ट्झच्या सर्वेक्षणाचा २०१७ सालचा शोधनिबंध होता आणि त्याच्या पहिल्या लेखिकेचे आडनाव स्मोल्चिच. त्या आडनावातल्या पहिल्या 'च'साठी रोमन लिपीत टोपीवाला सी लागतो. छापून आलेल्या प्रतीत टोपी गेली होती आणि आडनावाच्या मधोमध ठळक ठशातला एक व्ही दिमाखात उभा होता. एन्शुअरमॅथमुळे एररही आली नाही. संदर्भसूचीच्या फाईलमध्ये टोपीवाले अक्षर थेट टाइप करूनही पीडीएफलेटेक या पीडीएफ तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फरक पडत नाही, कारण पोटात ते अक्षर त्याच 'व्ही' कमांडकडे पाठवले जाते. 'डी'चेही असेच आहे: ती अक्षराखाली टिंब देणारी कमांड आहे आणि संस्कृत किंवा मराठी शब्द रोमन लिपीत काटेकोरपणे लिहिताना ट, ड, ण, ष या सगळ्यांसाठी तीच लागते. विकलनासाठी 'डी' बळकावणाऱ्याने आपल्या प्रबंधात 'महाराष्ट्र' हा शब्द तसा लिहून पाहावा.

यातून काढायचा निष्कर्ष असा होता की एका अक्षराची नावे मॅक्रोंना देऊ नयेत, आणि नाव आधी वापरात असल्याचे न्यूकमांड सांगत असताना ते रिन्यूकमांडने किंवा डेफ या व्याख्या करणाऱ्या दुसऱ्या कमांडने हिसकावून घेऊ नये. डेफ तर काही न विचारता जुनी व्याख्या पुसून टाकतो. आमच्या ज्येष्ठांनी काढलेला निष्कर्ष असा होता की मॅक्रो हीच कीड आहे. "हे पोरखेळ बंद करा, सगळे सरळ लिहा," असे त्यांनी कळवले आणि दुसऱ्या एकाला फाइंड-रिप्लेस करायला बसवले. त्यात सहकाऱ्याचे मॅक्रो गेले आणि माझेही गेले. सहकाऱ्याच्या प्रिअँबलमध्ये 'अल' म्हणजे अल्फा असा मॅक्रो होता. बदलणाऱ्याने सगळ्या 'अल'च्या जागी अल्फाची पूर्ण कमांड घातली, आणि ज्यांनी आधीपासून अल्फा पूर्ण लिहिला होता त्यांच्या ओळींत अल्फाफा तयार झाला. ती एरर निदान दिसली तरी.

पुढे परीक्षकांचा अभिप्राय आला. त्यांची मुख्य हरकत स्पेक्ट्रल इंडेक्सच्या, म्हणजे वारंवारतेनुसार स्रोताची तीव्रता कशी बदलते ते सांगणाऱ्या अल्फा या आकड्याच्या, धन-ऋण चिन्हाबद्दल होती. या क्षेत्रात दोन पद्धती आहेत. काही जण फ्लक्स डेन्सिटी (स्रोताची तीव्रता) वारंवारतेच्या अल्फाव्या घाताच्या प्रमाणात मानतात आणि काही ऋण अल्फाव्या घाताच्या. त्यामुळे सिंक्रोट्रॉन उत्सर्जनाचा एकच नेहमीचा स्रोत एका निबंधात ऋण ०.७ असतो आणि दुसऱ्यात धन ०.७. आम्ही दुसरी पद्धत धरली होती आणि ज्यांच्याशी तुलना केली होती ते पहिली धरणारे होते. परीक्षकांचे म्हणणे रास्त होते. माझ्या मूळ फाईलमध्ये इंडेक्सची प्रत्येक किंमत एका मॅक्रोच्या कंसात होती, त्यामुळे व्याख्येत एक उणे चिन्ह घातले की बहुतेक काम झाले असते; ज्या थोड्या स्रोतांचा वर्णपट उलटा चढतो त्यांच्याकडे तेवढे हाताने पाहावे लागले असते. आता मात्र 'सरळ लिहिलेल्या' मजकुरात ०.७ म्हणजे कुठे इंडेक्स, कुठे मिलीजान्स्कीतली तीव्रता आणि कुठे रेडशिफ्ट (वर्णपट लालकडे किती सरकला ते सांगणारा आकडा), हे ओळ न् ओळ वाचून ठरवावे लागले. तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी, सारांश, सगळे मी तपासले. तरीही सहकाऱ्याने शेवटच्या दिवशी जोडलेल्या तक्त्याच्या तळटीपेत चिन्ह जुनेच राहिले आणि ते प्रूफ आल्यावर माझ्या नजरेस पडले. मी तसे कळवल्यावर ज्येष्ठांचे उत्तर आले: "प्रूफ असतात कशासाठी?"

'सरळ लिहा' म्हणणाऱ्यांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. डोनाल्ड कनुथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस जे टेक केले, त्याच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढच्या दशकात रचलेला मॅक्रोंचा संच म्हणजेच लेटेक. सेक्शन, संदर्भ देणारी साइट, फ्रॅक्शनची कमांड हे सगळे मॅक्रोच आहेत. मॅक्रो मुळीच नकोत असे ज्यांना खरोखर वाटते, त्यांनी शीर्षकाचा आकार, क्रमांक आणि वर-खालची जागा दर वेळी हाताने लिहून दाखवावी. लॅम्पोर्ट यांचा मॅक्रो चालतो आणि विद्यार्थ्याचा चालत नाही, या आग्रहाला तांत्रिक आधार काहीही नाही.

दहाचे घात आणि एकके यांच्यासाठी तर स्वतःचे मॅक्रो करण्याची गरजच नाही. एसआययूनिटएक्स हे पॅकेज, म्हणजे तयार कमांडांचा संच, घ्यावे. त्यात 'नम' कमांडच्या कंसात साधे ३.२ई-५ लिहिले की ३.२ गुणिले दहाचा ऋण पाचवा घात नीट छापला जातो. गुणाकाराची फुली हवी की मधला ठिपका, हे प्रिअँबलमधल्या एका सेटिंगने ठरते. अनिश्चितता कंसात दाखवायची की अधिक-उणे चिन्हाने, तेही एकाच ठिकाणी ठरते. किंमत आणि एकक एकत्र लिहिण्यासाठी 'क्यूटीवाय' आहे. त्याने दोहोंमध्ये योग्य तेवढी जागा सुटते आणि ओळ तिथे तुटत नाही. तक्त्यात 'एस' प्रकारचा स्तंभ वापरला की आकडे दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह असे जुळतात. जान्स्की हे एसआय एकक नव्हे, दहाचा ऋण सव्विसावा घात इतके वॅट दर चौरस मीटर दर हर्ट्झ असे ते असते, त्यामुळे ते पॅकेजमध्ये तयार मिळत नाही. ते आणि 'बीम' अशी दोन एकके मी स्वतः जाहीर केलेली आहेत. प्रतिसेकंद तिरप्या रेषेने लिहायचे की ऋण घाताने, हे नियतकालिकागणिक बदलते आणि इथे तो बदल एका शब्दाचा असतो.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. फिजिक्स नावाचे पॅकेज वापरत असाल तर त्यातही 'क्यूटीवाय' आहे आणि तिथे तिचा अर्थ मोठे होणारे कंस असा आहे. एसआययूनिटएक्सच्या २०२१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून या दोघांची टक्कर होते, तेव्हा एकाला निरोप द्यावा, आणि माझे मत विचाराल तर तो फिजिक्सला द्यावा. मजकुरात वापरायच्या मॅक्रोनंतरची रिकामी जागा टेक गिळून टाकते, म्हणून त्याच्यापुढे रिकामा महिरपी कंस लिहिण्याची सवय लावून घ्यावी. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर निबंध चढवताना सारांशाच्या चौकटीत आपले मॅक्रो उलगडत नाहीत. तिथे ते जसेच्या तसे दिसतात आणि जगासमोर शोभा होते. काही प्रकाशकही खासगी मॅक्रोंना नाके मुरडतात, कारण त्यांना फाईल दुसऱ्या स्वरूपात बदलून घ्यायची असते. मार्गदर्शकांचा आक्षेप या शेवटच्या दोन कारणांवरून असेल तर तो समजण्यासारखा आहे, पण त्यावर मॅक्रो टाळणे हा उपाय नव्हे.

उपाय असा की आपले सगळे मॅक्रो मुख्य फाईलमध्ये विखरून न ठेवता एका वेगळ्या स्टाइल फाईलमध्ये ठेवावेत, प्रत्येकासमोर त्याचा अर्थ एका ओळीत लिहावा आणि फाईल बाहेर पाठवण्याआधी डी-मॅक्रो नावाच्या पायथन स्क्रिप्टने सगळे उलगडून घ्यावे. ही स्क्रिप्ट सीटॅन या लेटेकच्या साहित्याच्या ऑनलाइन संग्रहावर मिळते. मॅक्रोंच्या फाईलचे नाव '-प्रायव्हेट' असे संपणारे असले की ती त्यातल्या व्याख्या वाचते आणि प्रत्येक मॅक्रोच्या जागी पूर्ण मजकूर घालून नवी प्रत तयार करते. मूळ प्रत आपल्याकडे राहते आणि दुरुस्त्या नेहमी तिच्यातच कराव्यात. मार्गदर्शक स्वतः फाईलमध्ये हात घालणारे असतील तर त्यांचे बदल मूळ प्रतीत आणण्याचे काम वाढते, हे खरे आहे. माझ्या अनुभवात बहुतेक मार्गदर्शक पीडीएफवरच खुणा करतात. आमच्या ज्येष्ठांना पुढच्या शोधनिबंधाच्या वेळी मी अशीच उलगडलेली प्रत पाठवली होती. "आता कशी फाईल स्वच्छ झाली," असे त्यांनी सगळ्यांना प्रत लावून कळवले.